दिमडीचा वाटा

जेजुरीपासून फार लांब नाही, कऱ्हेच्या काठच्या एका गावात जागरण घालणारी एक पार्टी होती. गाणारा एक जवान वाघ्या, दिमडीवर त्याचे चुलते, ज्यांना सगळे आबा म्हणत, तुणतुण्यावर एक म्हातारबाबा, घाटी वाजवत नाचणारी मुरळी अक्का, आणि दिवटीला तेल घालणारा, सामान उचलणारा आबांचा शाळकरी मुलगा. लग्नसराई लागली की आठवड्याला चार-चार जागरणं पडत. रात्रभर गाणं, पहाटे लंगर तोडणं, आरती, आणि चहा यायच्या आत पार्टीचा एक रिवाज असे. अंगणाच्या कोपऱ्यात घोंगडी झटकून अंथरायची आणि सुपारीचे पैसे, ओवाळणीची चिल्लर, कुणी खूश होऊन दिलेली पन्नासाची नोट, सगळं तिच्यावर ओतायचं. त्याचे सहा वाटे पडत. गाणाऱ्याचे दोन, दिमडीचा एक, तुणतुण्याचा एक, घाटीचा एक, आणि उरलेल्या एकात अर्धा पोराचा, अर्धा दिवटीच्या तेलाचा. मोजायचं पोराने, बघायचं सगळ्यांनी. रक्कम कधी बाराशे असे, कधी तीन हजार. पण वाट्यावरून भांडण झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं, कारण लपवायला जागाच नव्हती.

त्याच गावात जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी राहत. त्यांना गाणी लिहायचा नाद होता. जेजुरीचा गड चढताना निम्म्या वाटेवर बाणाईचं देऊळ लागतं. देव म्हाळसेसोबत माथ्यावर, आणि बाणाई निम्म्या वाटेवर. गुरुजींनी त्यावर एक गाणं केलं. सोमवती अमावस्येला देवाची पालखी कऱ्हेवर निघते, ती ही धनगराची लेक अडवते आणि देवाला विचारते की माझ्यासाठी तू मेंढरं राखलीस, तेव्हा काय बोलला होतास ते आठवतं का? वहीच्या दोन पानांवर, निळ्या शाईत, खाडाखोड करत ते गाणं उतरलं. चाल जागरणातली जुनी, कुणाच्याच मालकीची नसलेली. ठेका मात्र आबांनी बांधला. दुसऱ्या कडव्यात दिमडी दोन मात्रा थांबते आणि बाणाईचा प्रश्न त्या मोकळ्या जागेत पडतो. ऐकणाऱ्याचा श्वास तिथे अडकायचा. गुरुजी ते गाणं पुतण्यासारख्या त्या गायकाला देताना एवढंच म्हणाले, “गळा तुझा आहे, नीट म्हण.” कागद नाही, पैसे नाहीत. गावात असंच चालतं.

एका लग्नात पुण्यातल्या एका म्युझिक कंपनीचा माणूस पाहुणा म्हणून आला होता. पहाटे त्याने गायकाला बाजूला घेतलं, कार्ड दिलं, आणि पंधरा दिवसांत पार्टी पुण्यात स्टुडिओत उभी होती. रेकॉर्डिंग दोन तासांत आटोपलं. मग फक्त गायकाला आतल्या खोलीत बोलावलं. टेबलावर चौदा पानांचा इंग्रजी करार ठेवलेला होता. प्रत्येक पानाच्या खाली पेन्सिलीने बारीक फुली मारली होती, सही कुठे करायची ते शोधावं लागू नये म्हणून. “वाचून घ्यायचं तर घ्या,” समोरचा म्हणाला आणि त्याने घड्याळाकडे पाहिलं. मग पेनचं टोपण काढता काढता सहज विचारलं, “गाणं लिहिलंय कुणी?”

गायक थांबला. गुरुजींचं नाव घेतलं तर त्यांना बोलवावं लागणार, आजची सही उद्यावर जाणार, आणि उद्या या लोकांचं मन बदललं तर? त्याच्या मनात एवढंच आलं. तो म्हणाला, “माझंच.”

पुढे या माणसावर जो अन्याय झाला त्याची हकिगत मी सांगणार आहे, आणि तो अन्याय खरा होता. पण कंपनीच्या एकाही अटीने त्याला अजून हात लावला नव्हता तेव्हा, कुणीही जबरदस्ती न करता, त्याने हा एक शब्द उच्चारला. तो विसरून ही गोष्ट वाचता येणार नाही.

त्याने चौदा फुल्यांवर चौदा सह्या केल्या. पंचवीस हजारांचा चेक त्याच्या नावाने निघाला. पार्टीतल्या प्रत्येकाला त्याने हजार-हजार रुपये दिले. गुरुजींना गावच्या जत्रेत स्टेजवर बोलावून शाल, श्रीफळ आणि पाच हजार एक रुपयांचं पाकीट दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजींनी शाल खांद्यावर घेतली, हात जोडले आणि खाली उतरले.

गाणं चाललं. चाललं म्हणजे वर्षाच्या आत यूट्यूबवर कोटींच्या पुढे गेलं. हळदीत ते वाजू लागलं, बँडवाल्यांनी उचललं, निवडणुकीच्या गाड्यांवर त्याच्या चालीत उमेदवाराचं नाव बसवलं गेलं. चौकाचौकात फ्लेक्स लागले, त्यावर आमदारांच्या शेजारी गायकाचा फोटो. सुपारी आधी दहा हजारांवर, मग तीस हजारांवर गेली. यजमान आता पैसे हातात देत नसत, फोनवर पाठवत. फोन गायकाचा. पहाटे लंगर तुटायचा, आरती व्हायची, आणि चहाच्या आधी मॅनेजर म्हणून ठेवलेला एक मुलगा येऊन प्रत्येकाच्या हातात दीड हजार रुपये ठेवायचा. त्याला आता ‘रोज’ म्हणत. घोंगडी टेम्पोत घडी करून पडलेली असायची. आबांनी एकदाच विचारलं, “आजची सुपारी किती होती रे?” गायक हसून म्हणाला, “आबा, तुम्ही दिमडीकडे बघा, बाकीचं मी बघतो.” त्यानंतर आबांनी विचारलं नाही.

गुरुजींची नात चौथीत होती. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलींनी त्या गाण्यावर नाच बसवला तेव्हा ती मैत्रिणींना म्हणाली, “हे माझ्या आजोबांनी लिहिलंय.” मुलींनी फोनवर गाणं काढलं. गीतकार म्हणून खाली गायकाचं नाव होतं. मुली तिला खोटारडी म्हणाल्या, बाईंनीही समजुतीच्या सुरात सांगितलं की बाळा, असं बोलू नये. ती रडत घरी आली. गुरुजींनी तिला जवळ घेतलं, वही काढली, ती खाडाखोड केलेली दोन पानं दाखवली आणि वही पुन्हा ट्रंकेत ठेवून दिली. गायकाकडे ते गेले नाहीत. मानी माणसाचं गप्प बसणं हे लुबाडणाऱ्याला फार सोयीचं असतं, आणि आपल्याकडे किती गाणी अशा गप्प बसण्यावर उभी आहेत याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

आबांचा मुलगा आता कॉलेजला जात होता. त्याने पार्टीचं एक छोटं यूट्यूब चॅनेल काढलं होतं. जागरणांचे व्हिडिओ टाकायचा, त्यावरून गावोगावची बोलावणी येत. एका पहाटे त्याने बाणाईच्या गाण्याचा व्हिडिओ टाकला. अंगणातला मांडव, दिवटीचा उजेड, समोर गायक, शेजारी आबा. दुपारपर्यंत व्हिडिओ गायब झाला आणि जागेवर सूचना आली की कंपनीच्या हक्काचा भंग झाल्यामुळे तो काढून टाकला आहे. त्याला वाटलं चूक झाली असेल, त्याने दुसऱ्या गावातला व्हिडिओ टाकला. तोही गेला. यूट्यूबचा नियम असा आहे की नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक पडल्या तर चॅनेलच बंद होऊ शकतं. तिसरी स्ट्राइक जुन्या व्हिडिओवर पडली, आणि चार वर्षांची जागरणं, ज्यात ते गाणं नव्हतं अशीसुद्धा, एका रात्रीत नाहीशी झाली. त्यातल्या काहींत तुणतुणेवाले म्हातारबाबा होते. ते वर्षापूर्वी वारले होते आणि त्यांचं दुसरं काहीच कुठे रेकॉर्ड झालेलं नव्हतं.

पोरगा फोन घेऊन गायकाकडे आला. “दादा, तुमचा आवाज, आबांची दिमडी, आपल्या गावचं अंगण. आणि कंपनी म्हणते आपण चोरी केली.”

गायकाने कंपनीला फोन लावला. तिकडून सांगण्यात आलं की हे सगळं सिस्टिम आपोआप करते. मग त्याच्या मनात पहिल्यांदाच आलं की कोटींच्या पुढे गेलेल्या गाण्याचे त्या पंचवीस हजारांनंतर आपल्याला किती मिळाले? त्याने हिशेब मागितला. महिन्याभराने ई-मेलवर एक तक्ता आला. वर जमेची एक रक्कम, आणि तिच्याखाली वजावट. शूटिंग, नाचणाऱ्या मुली, कपडे, ड्रोन, जाहिरात, ऑफिसचा खर्च. शेवटच्या ओळीत वजा तीन लाख चाळीस हजार. म्हणजे देणं त्याच्याकडूनच निघत होतं, आणि ते फिटेपर्यंत रॉयल्टीचा प्रश्नच नव्हता.

सासवडला कोर्टाशेजारी एक वकीलबाई बसत. पोराने तिथे गाठ घालून दिली. बाईंनी चौदाही पानं वाचली, मधे एकदाही मान वर न करता, आणि मग चष्मा काढला.

“तुम्हाला यातलं काय माहीत आहे?”

“गाणं कंपनीला दिलं, एवढंच.”

“गाणं, आवाज, चेहरा आणि पुढची पाच वर्षं दुसऱ्या कुणासाठी न गाण्याचं वचन. हे बघा, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात एकोणिसावं कलम आहे. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी द्यावा लागतो, देणाऱ्याची सही लागते. मुदत लिहिलेली नसेल तर तो पाच वर्षांपुरताच दिला असं कायदा धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरता. आता तुमच्या करारात मुदत लिहिली आहे, कायमस्वरूपी. प्रदेश लिहिला आहे, संपूर्ण विश्व. न वाचता सही करणाऱ्या माणसासाठी कायद्याने ठेवलेली दोन्ही दारं या दोन शब्दांनी बंद केली आहेत.”

“म्हणजे काहीच नाही का?”

“आहे. २०१२ साली संसदेने कायदा बदलला. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते, त्यांनी तो विषय लावून धरला होता. गाण्याच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीत गीतकार आणि संगीतकाराचा बरोबरीचा वाटा आता सही करूनसुद्धा सोडता येत नाही. सोडला असं लिहून घेतलं तरी ते रद्द. द्यायचाच तर वारसाला किंवा हक्कांच्या सोसायटीला. गाणाऱ्यालाही त्या दुरुस्तीने रॉयल्टीचा हक्क सांगितला आहे. तुमच्या करारातली ही तीन पानं मी कोर्टात फाडू शकते.”

गाणाऱ्याचा हा हक्क फार उशिरा आलेला आहे. साठच्या दशकात लता मंगेशकर रॉयल्टीतला वाटा मागत होत्या आणि महंमद रफींचं म्हणणं होतं की मेहनताना घेतला की आपला संबंध संपला. त्या वादात ही दोन माणसं काही वर्षं एकत्र गायली नाहीत. १९७७ साली चित्रपटगीतांच्या हक्कांचा खटला सर्वोच्च न्यायालयात निर्मात्यांच्या बाजूने लागला, तेव्हा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी वेगळं टिपण जोडून गाणाऱ्याला या कायद्यात स्थान नसल्याची खंत नोंदवली. गाणाऱ्याला कायद्यात जागा मिळायला त्यानंतर १९९४ साल उजाडावं लागलं. तोवर किती गळे गाऊन थकले असतील.

वकीलबाईंनी त्या दिवशी आणखी एक गोष्ट सांगितली. ती खरी आहे, म्हणून थोडी सविस्तर सांगतो. दक्षिण आफ्रिकेत सॉलोमन लिंडा नावाचा एक झुलू गायक होता. गॅलो या रेकॉर्ड कंपनीच्या कारखान्यात तो रेकॉर्ड पॅक करायचं काम करी. १९३९ साली त्याच कंपनीत त्याने आपल्या साथीदारांबरोबर ‘मबूबे’ हे गाणं रेकॉर्ड केलं. मबूबे म्हणजे सिंह. रेकॉर्ड लाखाच्या आसपास खपली. लिंडाने गाण्याचे हक्क कंपनीला दहा शिलिंगांना दिले. पुढे ती रेकॉर्ड अमेरिकेत पीट सीगर या गायकाच्या हाती लागली आणि त्याच्या ‘वीव्हर्स’ या गटाने ते गाणं ‘विमोवे’ म्हणून गायलं. १९६१ साली ‘टोकन्स’ या गटासाठी त्यावर इंग्रजी शब्द चढवले गेले आणि ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. दुसऱ्याच वर्षी लिंडा वारला. त्याच्या कबरीवर दगड बसवायला घरच्यांना अठरा वर्षं लागली. १९९४ साली तेच गाणं डिस्नेच्या ‘द लायन किंग’मध्ये आलं. २००० साली रियान मलान या पत्रकाराने ही सगळी कथा छापून आणली, २००४ साली लिंडाच्या वारसांतर्फे दावा लागला आणि २००६ साली तडजोड होऊन त्याच्या मुलींना पैसे मिळू लागले. ज्या कायद्याच्या आधाराने हे झालं तो १९११ चा ब्रिटिश कायदा. लेखकाने हक्क विकले तरी त्याच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी ते वारसांकडे परत येतात, अशी तरतूद त्यात होती. हाच कायदा थोड्या फेरफाराने १९१४ साली आपल्याकडेही लागू झाला होता.

“यात मला सगळ्यात जास्त काय लागतं सांगू?” वकीलबाई म्हणाल्या. “पीट सीगर भला माणूस होता. मूळ गायकाचा शोध लागल्यावर त्याने हजार डॉलर पाठवले, पुढचेही पाठवत राहा असं प्रकाशकांना सांगितलं. पण ते जातात की नाही हे वर्षानुवर्षं पाहिलं नाही. भल्या माणसाने एकदा पैसे दिले आणि हिशेब दुसऱ्यावर सोडला.” मग त्यांनी कराराचं अकरावं पान उघडलं. “आता हे वाचते. ‘या गीताचे शब्द माझे स्वतःचे असून त्यावर अन्य कोणाचाही हक्क नाही. हे खोटे ठरल्यास कंपनीचे होणारे सर्व नुकसान मी भरून देईन.’ खाली तुमची सही. शब्द तुमचे आहेत ना?”

गायकाने पोराकडे पाहिलं. पोरगा जमिनीकडे बघत होता.

“विचार करून या,” बाई म्हणाल्या. “तोवर मी नोटीस लिहीत नाही.”

त्या रात्री बारामतीकडे जागरण होतं. परतीच्या टेम्पोत गायक आबांच्या शेजारी बसला आणि सगळा राग त्याने मोकळा केला. कंपनीने कसं फसवलं, तक्ता कसा पाठवला, ड्रोनचे पैसे कसे लावले, शूटिंगच्या दिवशी ड्रोन तर उडालाच नव्हता. आबा ऐकत होते. दिमडी मांडीवर होती.

“तक्ता पाठवला म्हणतोस?”

“हो, वजा तीन लाख चाळीस हजार!”

“मग बरी म्हणायची तुझी कंपनी. वजा का असेना, आकडा दाखवते. तू आम्हाला काय दाखवलंस?”

टेम्पोत कुणी बोललं नाही. अक्का जागी होती, तिने डोळे मिटून घेतले. गायक म्हणाला, “आबा, मी तुम्हाला रोज देतो की, कधी चुकवला नाही.”

“गुरुजींनाही शाल दिलीस. रफीसाहेब म्हणत होते तसं, मेहनताना दिला, संपलं. पोरगं सांगत होतं मला. आमच्यापुरता तू रफीसाहेब आणि कंपनीपुढं लताबाई. दोन्ही एकाच तोंडानं कसं बोलशील?” आबांचा आवाज चढला नव्हता. “बाणाई पालखी अडवते ते गाणं तू पाचशे वेळा म्हटलं असशील. देवाला सुद्धा ती विचारते. आम्ही तुला विचारलं तर तू म्हणालास दिमडीकडे बघा.”

दुसऱ्या दिवशी गायक गुरुजींच्या घरी गेला. नात ओट्यावर अभ्यासाला बसली होती, ती उठून आत गेली. त्याने जे घडलं ते पहिल्यापासून सांगितलं, ‘माझंच’ या शब्दासकट. गुरुजींना ठाऊक नव्हतं असं त्यात काहीच नव्हतं, पण ते मधे बोलले नाहीत. शेवटी त्याने विचारलं, “आता मी काय करू?”

“पस्तीस वर्षं शिकवलं मी,” गुरुजी म्हणाले. “कॉपी करताना पोरगं सापडलं तर त्याला मारलं नाही की वर्गाबाहेर काढलं नाही. पेपर परत लिहायला लावला. वर्गात, सगळ्यांसमोर बसून. तूही लिही.”

त्याने लिहिलं. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर, मराठीत, स्वतःच्या हाताने. शब्द कुणाचे, ठेका कुणी बांधला, चाल कुठली, आणि आपण कंपनीत काय सांगितलं. नोटरी झाल्यावर तेच त्याने फोनसमोर उभं राहून वाचलं आणि स्वतःच्या पानावर टाकलं. परिणाम व्हायचे ते झाले. एका महोत्सवाने त्याचं नाव काढलं. ज्यांनी फ्लेक्स लावले होते त्यांतले काही चोर म्हणू लागले. दोन लग्नांच्या सुपाऱ्या परत गेल्या. प्रसिद्धीला माणूस पूर्ण लागतो, चूक कबूल करणारा माणूस तिला अर्धा वाटतो. मला तर तो त्या दिवशी पहिल्यांदा गाण्याच्या लायकीचा वाटला.

कंपनीच्या वकिलाने लगेच अकरावं पान पुढे केलं. खोटं लिहून दिलंत, नुकसान भरा. वकीलबाईंनी त्यांच्यासमोर गुरुजींची वही ठेवली. निळी शाई, खाडाखोड, वरच्या कोपऱ्यात तारीख. “या माणसाने कुठेही सही केलेली नाही. म्हणजे शब्दांचा हक्क तुमच्याकडे कधी आलाच नाही. तुम्ही पहिल्या दिवसापासून परवानगीशिवाय हे गाणं विकत आहात, आणि याच गाण्यासाठी एका कॉलेजच्या पोराचं चॅनेल चोर म्हणून बंद पाडलंत. गायकाने खोटं सांगितलं, मान्य. पण लिहिणारा कोण हे पाहायला तुमचा एक माणूस त्या गावात गेला होता का? पाहुणा म्हणून जेवायला मात्र गेला होता.”

बोलणी चार महिने चालली. जे ठरलं ते कुणाच्याच मनासारखं नव्हतं. रेकॉर्डिंग कंपनीचंच राहिलं. गायकाला पंचवीस हजार परत करावे लागले आणि उरलेली दोन वर्षं दुसऱ्या कंपनीसाठी गाता येणार नव्हतं. गुरुजींचं नाव गीतकार म्हणून लागलं. त्यांच्याशी नवा करार झाला, पाच वर्षांचा, शब्दांच्या रॉयल्टीत बरोबरीचा वाटा आणि दर सहा महिन्यांनी पावत्यांसह हिशेब. कंपनीने स्ट्राइक मागे घेतल्या, चॅनेल परत सुरू झालं, आणि म्हातारबाबांचं तुणतुणं पुन्हा ऐकू येऊ लागलं. आबांच्या दोन मोकळ्या मात्रांना मात्र कायद्यात कुठलंच कलम सापडलं नाही. वकीलबाईंनी दोनदा शोधलं. हे मला अजूनही बरोबर वाटत नाही.

त्या कलमाची वाट गायकाने पाहिली नाही. एका रिकाम्या दुपारी त्याने बँकेचं तीन वर्षांचं स्टेटमेंट छापून आणलं आणि आबांच्या ओसरीवर घोंगडी टाकून त्यावर ठेवलं. पोराने एकेक सुपारी लाल पेनने अधोरेखित केली. गाडीभाडं, साउंडवाला, मॅनेजर असा खर्च वजा केला, उरलेल्याचे सहा वाटे पाडले, दिलेला रोज त्यातून काढला. आबांचे एकट्याचेच दोन लाखांच्या वर निघत होते. म्हातारबाबांचे त्यांच्या सुनेला द्यायचे ठरले. तेलाचा अर्धा वाटा तर कुणाच्या लक्षातच नव्हता, तो अक्काने आठवण करून दिला. गायकाने दीड वर्षापूर्वी घेतलेली गाडी विकली. तरी रक्कम पुरी पडली नाही, म्हणून राहिलेलं पुढच्या दोन हंगामांत आपल्या वाट्यातून देण्याचं त्याने कागदावर लिहून दिलं. आबा म्हणाले, कागद कशाला, घरातलं आहे. पोरगा म्हणाला, “आबा, कागद पाहिजे.” आणि त्याने तो चौघांना मोठ्याने वाचून दाखवला, मग सह्या घेतल्या.

गुरुजींनी त्यानंतर दुसरं गाणं लिहिलं. ते देताना त्यांनी गायकासमोर एका पानाचा करार ठेवला, मराठीत, सात ओळींचा. गायकाने लगेच पेन काढलं, तेव्हा गुरुजींनी कागद मागे घेतला. “आधी वाच. मोठ्याने.” चौथ्या ओळीत दिमडीचा ठेका बांधणाऱ्याचं नाव आणि वाटा होता. गायकाने ती ओळ दोनदा वाचली आणि विचारलं की रक्कम कमी नाही का वाटत? गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं, खाडाखोड केली आणि आकडा वाढवला.

सहा महिन्यांनी कंपनीकडून गुरुजींच्या नावाने पहिला हिशेब आला. सोबत अठरा हजार चारशे रुपये जमा झाल्याची नोंद होती, आणि खाली वजावटीत पुन्हा एकदा ड्रोन. नातीने आजोबांना ती ओळ बोटाने दाखवली. पोरगा लॅपटॉप घेऊन बसला, गायक त्याच्या शेजारी. कंपनीला उत्तर गेलं ते असं: हिशेब मिळाला, आभारी आहोत. गीतकाराच्या वाट्यातून चित्रीकरणाचा खर्च कापता येणार नाही, करारातील सहावे कलम पाहावे. तसेच चित्रीकरणाच्या दिवशी आम्ही सर्व जण हजर होतो. कृपया ड्रोनचे बिल, तारीख आणि तो उडवणाऱ्याची पावती पंधरा दिवसांत पाठवावी.